खालच्या काकांची वाफ

सोलापूरसारख्या गावात, जिथं मे महिन्यात नळाचं पाणीच चहाला चालेल इतकं तापून येतं, तिथं वाफ वाया जाते म्हणून तळमळणारा माणूस जन्माला यावा, ही देवाचीच चूक म्हणायची. बर्फाच्या मुलखात पाठवायचा नग पत्ता चुकून आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर उतरला आणि आम्हा सोळा बिऱ्हाडांना जन्माचा पुरला. त्यांना नाव होतं, आडनावही होतं, पण दारावरची पाटी सोडली तर ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. तळमजल्यावर राहायचे म्हणून ते आमचे खालचे काका. मी स्वतः शाळेत गणित शिकवते, दुसऱ्या मजल्यावर राहते, तापट म्हणून माझी ख्याती आहे आणि पटकन कुणाच्या प्रेमात वगैरे पडण्यातली मी नाही. तरी या माणसापुढं मी दर वेळी हरले, ती कशी ते सांगते.

आधी इमारतीचं सांगायला हवं, नाहीतर वाफ आली कुठून तेच कळायचं नाही. आमची इमारत एका रंगखान्याच्या मालकानं आपल्या माणसांसाठी बांधलेली. शेजारीच त्याचा रंगखाना, तिथं टॉवेल-चादरींचं सूत रंगायचं. त्या रंगखान्याच्या बॉयलरची वाफ मालकानं जाड पायपातून इमारतीत आणली, तळमजला धरून चारही मजल्यांवर जिन्यापाशी एकेक मोठी टाकी बसवली, टाकीत वाफेचं वेटोळं सोडलं आणि तिथल्या गरम पाण्याच्या तोट्या मजल्यावरच्या चार घरांच्या न्हाणीत दिल्या. पारा कितीही चढो, सोलापूरकराला आंघोळीला कढतच पाणी लागतं, त्यामुळं बारा महिने चैन झाली. पुढं रंगखाना एमआयडीसीत गेला आणि मग तिथंही राहिला नाही. आमच्या वाट्याला आला एक बुटका, लाकडावर चालणारा छोटा बॉयलर, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि त्याच्याबरोबर काका. काकांची सगळी नोकरी रंगखान्यात बॉयलरवरच गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी बॉयलरला सोडलं नाही की बॉयलरनं त्यांना, हे काही मला सांगता येणार नाही. बॉयलरला ते अक्का म्हणायचे. काका मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे, त्यामुळं माणसांशी मराठीत आणि अक्काशी कानडीत बोलायचे. दाब चढायला लागला की 'निधान, अक्का, निधान', म्हणजे सावकाश, आणि पुरे झालं की नुसतं 'साकु'. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, अक्काला मराठी येत नाही का म्हणून. काका म्हणाले, येतं, पण रागात असली की कानडीच कळतं. नवऱ्यानं माझ्याकडं बघून मान डोलावली, ते मी अजून विसरलेले नाही.

वाफ म्हटलं की काकांना आपलं-परकं काही नसायचं. कुणाच्याही घरी चहाला बोलवा, गृहस्थ खुर्चीत बसायच्या आधी स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावर झाकण ठेवून यायचे. लग्नात पंगतीला बसले की लक्ष जिलेबीकडं नसायचं, आचाऱ्याच्या उघड्या भाताच्या पातेल्याकडं असायचं. टेंभुर्णीला माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला बाजूला घेऊन इतकं समजावलं, की शेवटी आचाऱ्यानंच वधूपित्याला विचारलं, हे मुलाकडचे की मुलीकडचे, आणि यांना जेवायला आधी बसवता येईल का. इस्त्रीवाल्यापाशी उभं राहून ते कपड्यांवर शिंपडलेल्या पाण्याचा हिशेब सांगायचे. आणि माझ्या कुकरनं तर त्यांचा छळ मांडला होता. आमची खिडकी शेडच्या डोक्यावर येते. मला डाळीला पाच शिट्ट्या द्यायची सवय, आईची आहे, तिच्या आईची होती. चौथी शिट्टी झाली की जिन्यात चपलांचा आवाज यायचा आणि पाचवीला काका दारात. 'बाई, डाळ तिसऱ्यालाच शिजली हाय. वरच्या दोन कुणासाठी?' मी सोळा वर्षं भांडले. डाळ माझी, गॅस माझा, दात माझे. काका शांतपणे ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पाचव्या शिट्टीला परत हजर. नंतर दोनेक वर्षं मात्र हे येणं थांबलं होतं. मला वाटलं, म्हातारपणी सुधारले. मी शिट्ट्या मुकाट्यानं पाचवर ठेवल्या आणि विषय सोडून दिला.

तर मागच्याच्या मागच्या दिवाळीत इमारतीची सभा भरली. आमचे अध्यक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात, माणूस सज्जन, पण त्यांचे मेव्हणे गिझर विकतात. अध्यक्षांनी मांडलं, की रोज हातगाडीभर लाकूड जाळायचं, मागच्या घरांना धूर, आपल्याला राख, आणि एवढं करून वरच्या मजल्यावर पाणी कोमट येतं. त्यापेक्षा बॉयलर भंगारात द्यावा, ज्यानं त्यानं गिझर बसवावा, आणि शेडच्या जागी गाड्या लावाव्यात. सगळ्यांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर मीही हलवली, कारण माझी स्कूटर उन्हात उभी असते. काका मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना विषय उशिरा कळला, शेजाऱ्यानं कागदावर लिहून दाखवला तेव्हा. मला वाटलं, धक्का बसलाय. ते उठले आणि म्हणाले, 'अक्काचा काय दोष न्हाय. वाफ वाटंतच मरती. मला गड्ड्यापर्यंत मुदत द्या. गाडी अर्धी करून दाखवतो. न्हाय झाली, तर भंगारवाल्याला मीच बोलावून आणीन.'

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, तिथपर्यंत म्हणजे जेमतेम दोन-अडीच महिने. अध्यक्षांनी उदारपणे मुदत दिली, कारण मेव्हण्यांचा माल यायलाही तेवढा वेळ होताच. काकांनी मात्र जन्ममरणाचा सवाल केला. काकू जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, लेक विजापूरला दिलेली. सकाळी उठून शेडमध्ये जायचं, अक्काला पेटवायचं, काटा चढताना बघायचा, एवढ्याच्या आधारावर तो माणूस उभा होता. अक्का भंगारात गेली तर काका कशासाठी उठतील, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला आणि मी सभेत मान हलवल्याची मला लाज वाटली.

काकांचं पहिलं काम म्हणजे पायपांना पांघरूण. आमचे वाफेचे पाईप जिन्याजिन्यातून उघडेच गेलेले, हात लागला तर फोड. म्हणजे न्हाणीपेक्षा जास्त आम्ही जिनाच तापवत होतो, तोही सोलापुरात. काकांनी आधी पायपांना गोणपाट आणि चिकणमातीचा जाड लेप दिला, तो वाळवला, आणि वरून बांधायला घरोघर जुन्या चादरी मागितल्या. सोलापुरात माणसाच्या घरी एक वेळ पीठ नसेल, पण जुनी चादर नाही असं होत नाही. पहिल्या मजल्यावरच्या अम्मांच्या घरी तीन पिढ्या विणकामात गेल्या, त्यांनी एकट्यांनी अकरा चादरी काढून दिल्या आणि वर स्वतः जिन्यात स्टूल टाकून बसून टाके घातले. बघता बघता आमच्या जिन्यातून लाल, हिरवे, जांभळे, चौकटीचे पाईप चढायला लागले. पोस्टमन यायचा तो मान वर करून बघतच उभा राहायचा. गडबड एवढीच झाली, की अध्यक्षांच्या मंडळींनी घाईघाईत कपाटातून भलतीच चादर काढून दिली. अध्यक्षांच्या साठीला त्यांच्या मित्रमंडळानं खास विणून दिलेली, 'हार्दिक अभिनंदन' अशी अक्षरं असलेली. ती त्यांच्याच दारासमोरच्या पायपाला बसली, आणि तीही उलटी. टाके इतके पक्के, की उसवायचं म्हटलं तर सगळा लेप निघाला असता. अध्यक्ष दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या न्हाणीत पहिल्यांदा हात पोळेल असं पाणी आलं, आणि त्यांनी तो विषय परत काढला नाही.

मग पायपांच्या ढाळाचं, उताराचं काम निघालं. आमच्या पायपांत रोज सकाळी कुणी घण घातल्यासारखा धाडधाड आवाज व्हायचा. वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी त्यासाठी नारळही फोडून पाहिला होता. काकांनी सांगितलं, भूतबित काही नाही, पाईप मधेच लवलाय, तिथं पाणी साचतंय आणि वाफ येऊन त्याला धडका देते. लवलेल्या जागी त्यांनी मागावरचा एक जुना सागवानी धोटा पाचरीसारखा ठोकला. भूत त्या दिवसापासून गेलं, ते अजून आलेलं नाही. त्यानंतर वाफेचं झालेलं पाणी. टाकीतून वाफ थंड होऊन जे पाणी परत येतं, ते वर्षानुवर्षं मागच्या गटारात जायचं. म्हणजे जायचं असं आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात अम्मा ते पाणी बादलीत धरून त्यात चादरी भिजवायच्या, कारण आमच्या नळाच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि ह्या पाण्यात उतू जातो. काकांनी ते गरम पाणी पुन्हा अक्काला द्यायचं ठरवल्यावर इमारतीत युद्ध व्हायची वेळ आली. शेवटी तह झाला, की रविवारचं पाणी अम्मांचं आणि बाकीचे सहा दिवस अक्काचे. आंघोळींचं वेळापत्रक मी केलं. दिवसभर जाळ ठेवण्यापेक्षा सकाळी सहा ते नऊ, प्रत्येक घराला दोन तासिका, शाळेत करतो तसंच. माझ्या नवऱ्याला मी पहिली तासिका दिली, आणि तो आमच्या संसारातला एक सोनेरी काळ होता.

एवढं सगळं होऊन लाकडाची गाडी पाऊण झाली आणि तिथंच अडली. पुढं तसूभर हलेना. गड्ड्याला दहा दिवस राहिले होते, मैदानात पाळण्यांचे सांगाडे उभे राहायला लागले होते, आणि काकांचं तोंड उतरत चाललं होतं. आता एकच जागा उरली होती, ती म्हणजे ट्रॅप. प्रत्येक टाकीच्या खाली वाफेच्या पायपाला मुठीएवढा एक लोखंडी डबा असतो, तो ट्रॅप. पाणी आलं की दार उघडायचं, वाफ आली की लावायचं, एवढंच त्याचं काम. दार नीट लागलं नाही तर वाफ काम न करताच निसटते आणि बाहेरून काही दिसत नाही, ते ऐकावंच लागतं. ऐकायला काकांकडं काकूंचं लाटणं होतं. काकू गेल्यावर चपात्या बंद झाल्या, भाकरीला लाटणं लागत नाही, म्हणून ते या कामाला आलं. लाटण्याचं एक टोक ट्रॅपवर, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. काकांनी चारही मजल्यांवर ऐकलं आणि चारही ट्रॅप एकदम टकाटक असल्याचं सांगितलं.

तळमजल्यापासून मोजलं तर तीन नंबरचा ट्रॅप आमच्याच दारापाशी आहे. सकाळी दूध घेऊन येताना मी काकांना तिथं लाटणं लावून बसलेलं पाहिलं. काका म्हणाले, 'घड्याळासारखा वाजतोय बघा. टक्, मग जरा थांबून परत टक्.' मी गंमत म्हणून लाटणं मागितलं आणि कानाला लावलं. आता माझे कान कसे आहेत ते सांगते. फळ्याकडं तोंड करून मी प्रमेय लिहीत असते, तेव्हा शेवटच्या बाकावर कोण कुणाला काय म्हणालं हे मला कळतं. त्या ट्रॅपमध्ये टक् नव्हतं. एकसारखं सूंऽऽ चाललं होतं, न थांबता. मी काकांकडं पाहिलं. ते डोळे मिटून समाधानानं मान हलवत होते. मी खाली जाऊन एक आणि दोन नंबर ऐकले, तिथं टक् आणि टक्. वर चार नंबर ऐकला, तिथं परत सूं.

घरी आले, चहा केला आणि तो तसाच निवू दिला. मग उठून कुकर लावला. खिडकी उघडी, दार उघडं. तीन शिट्ट्या झाल्या, पाच झाल्या, सात झाल्या. खाली शेडपाशी काका लाकडं रचत होते, मला वरून दिसत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी दहा शिट्ट्या होऊ दिल्या, जिन्यात चपला वाजल्या नाहीत. नवरा आतून ओरडला, डाळ शिजवतेयस की दगड. मी गॅस बंद केला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. सोळा वर्षं ज्या माणसाशी पाचव्या शिट्टीवरून भांडले, तो आता येणारच नव्हता, आणि मी दोन वर्षं त्याला सुधारला म्हणत होते.

आता माझ्यापुढं पेच पडला. बहिऱ्या माणसाच्या हातात बॉयलर, असं अध्यक्ष एकदा म्हणाले की संपलं, गाडी अर्धी होवो न होवो. दाबाचा काटा आणि पाण्याची काच डोळ्यांनी बघायची असते, आणि काकांचे डोळे अजून घारीचे होते, पण हे कोण ऐकून घेणार. दुसरीकडं ट्रॅप दुरुस्त झाले नाहीत तर गाडी अर्धी होणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेला चक्क दांडी मारली, तेवीस वर्षांत दुसरी, आणि काकांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, काका, मला ट्रॅप ऐकायला शिकायचंय. मी ऐकते, मला काय ऐकू येतं ते सांगते, त्याचा अर्थ तुम्ही सांगा. हे मी नेहमीपेक्षा हळू आणि त्यांच्याकडं तोंड करून म्हटलं.  काका आत गेले, लाटणं पंच्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

'आवाज तोंडानं करून दाखवा, बाई,' एवढंच म्हणाले.

मग काय विचारता. मी, शाळेत जिच्या नावानं पोरं बाकाखाली लपतात ती, जिन्यात उकिडवी बसून ओठांचा चंबू करून सूंऽऽ आणि जीभ टाळूला लावून टक्, असे आवाज काढतेय, आणि समोर काका परीक्षकासारखे माझं तोंड निरखतायत. ट्रॅपकडं बघायचेच नाहीत, नजर सगळी माझ्या तोंडावर. सूं लांब की तुटक, टक् जोरात की मऊ, किती आकड्यांनी परत येतो, सगळं विचारलं. अम्मा स्टूल घेऊन ऐकायला आल्या. अध्यक्ष आपली सकाळची तासिका चुकवून खाली आले, कारण त्यांना वाटलं बाईंना काहीतरी झालंय. काका, तुम्ही असताना बाई का ऐकतायत, असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्याच बोलण्याचा सूर धरून, काकांकडं तोंड करून, प्रश्न परत विचारला. काका म्हणाले, शिकवतोय, मी काय जन्माला पुरणार हाय. मग काकांनी तीन आणि चार नंबरचे ट्रॅप उघडले. आतली नाण्याएवढी चकती झिजून खडबडीत झालेली. ती त्यांनी खिडकीच्या काचेवर दंतमंजन टाकून, तीन बोटांच्या पेरांनी गोल गोल, सकाळपासून दुपारपर्यंत घासली. तोंड दिसेल इतकी चकचकीत झाल्यावर परत बसवली आणि अक्काला पुन्हा पेटवलं. मी लाटणं लावलं. आधी काहीच नाही. मग टक्. मी सात आकडे मोजले, परत टक्. मी काकांकडं बघून नुसती हसले, तर ते म्हणाले, 'झालं.'

भोगीच्या दिवशी, बाजरीची भाकरी आणि खिचडी खाऊन, सभा भरली. हातगाडी सगळ्यांनी शेडपाशी जाऊन बघितली होती. अर्धी. अम्मांच्या मते अर्धीपेक्षा चार ढलप्या कमीच. अध्यक्षांनी मोकळ्या मनानं कबूल केलं, बॉयलर राहील म्हणून सांगितलं, आणि मेव्हण्यांना परस्पर कळवायची जबाबदारी पत्नीवर टाकली. टाळ्या झाल्या. मी काकांच्या शेजारीच बसले होते, आणि गुपित पोटात ठेवून जरा फुशारलेही होते. तेवढ्यात काका उठले.

'एक सांगायचं ऱ्हायलं,' ते म्हणाले. 'मला ऐकू येत न्हाय. दोन वर्सं झाली. अक्कापाशी ऐकू न येणारा माणूस एकटा असू नये, हे मीच कितीकांना शिकवलंय आन् मीच लपवलं. ट्रॅप बाईंनी ऐकले. आता दुसरा माणूस नेमा.'

 माझा तर राग असा उसळला, की मनात म्हटलं, अहो, मी दहा दिवस जिवाचा आटापिटा करून झाकलं ते तुम्ही असं मांडता.  अध्यक्ष उठून काकांच्या समोर आले, वाकून, तोंडाकडं तोंड करून म्हणाले, माणूस नेमू, पण त्याला शिकवायला तुम्ही लागाल, आणि कानडी तर लागेलच. मग आमच्या वॉचमनला बॉयलरवर नेमलं. काकांनी त्याला पावसाळ्यापर्यंत पुरता तयार केला. तो सांगोल्याचा, त्याला कानडीचा गंध नाही, पण आता दाब चढला की तोही निधान, अक्का म्हणतो. ट्रॅपचं खातं माझ्याकडं आलं.

पुढच्या दिवाळीला लेकीनं काकांना विजापूरला नेलं. जाताना त्यांनी लाटणं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, चपात्या लाटू नका याच्यावर, आवाज बिघडतो. लेकीनं त्यांना कानाचं यंत्र घेतलंय, ते डबीत असतं. त्यात समदंच ऐकू येतं, वाफ कुठली न भाजीवाला कुठला कळत न्हाय, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी सकाळी ते व्हिडिओ कॉल करतात आणि मी लाटणं घेऊन फेरीला निघते. पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहानं फोन ट्रॅपपाशी धरला. काका लगेच म्हणाले, पाईप काय बघायचाय, मला पाठ हाय, फोन तुमच्याकडं फिरवा. मला वाटलं, गप्पा मारायच्या असतील. तेव्हापासून एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात माझ्याच थोबाडाकडं धरलेला फोन, अशी मी चार मजले फिरते. लोकांना काय वाटतं ते विचारायच्या भानगडीत मी पडत नाही.

मागच्या रविवारी काका जरा खंगलेले दिसले. ताप येऊन गेला होता. एक, दोन, तीन ऐकून मी वर गेले, उलट्या 'हार्दिक अभिनंदन'खाली बसले आणि चार नंबरला लाटणं लावलं. आत पुन्हा सूं सुरू झालेलं. म्हटलं, आजारी माणसाला कशाला सांगा, दुपारी आपण काच आणि मंजन घेऊन बसू. मी हसून फोनमध्ये सावकाश म्हटलं, काका, चारही ठीक आहेत. काका जरा पुढं वाकून बघत राहिले.

'बाई,' ते म्हणाले, 'चार नंबरला तुमच्या कपाळाला आठी पडली. परत सुटलाय, न्हाय?'

तेव्हा मला कळलं, हा माणूस इतके दिवस कशानं ऐकत होता. मी मान हलवली. फोन आणखी जवळ घेतला, ओठांचा चंबू केला आणि जिन्यात कोण ऐकतंय याची पर्वा न करता तो आवाज काढून दाखवला, लांब, न तुटता. तिकडं विजापुरात काकांनी तो नीट बघून घेतला, मग डोळे मिटले, आणि लाटणं कानाला लावायचे तशी मान एका बाजूला कलती करून तसेच बसून राहिले.